युजर एरर, बी.एस्सी.

14 सप्टेंबर 1998, सोमवार

मी नेमकं कोणतं बेकायदेशीर काम केलं?

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी स्क्रीनवर आलं: ‘धिस प्रोग्राम हॅज परफॉर्म्ड ॲन इल्लीगल ऑपरेशन अँड विल बी शट डाउन.’ या प्रोग्रामनं बेकायदेशीर कृत्य केलं आहे, त्याला बंद करण्यात येत आहे. मी फक्त अकरावीच्या हजेरीत एक नाव टाइप करत होते. त्यात कायदा कुठे मोडला? मला उत्तर येत नाही. हे मी कबूल करते, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरातली पहिली. वर तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स, ‘अ’ श्रेणी. ऑगस्टपासून लातूरला ध्रुव क्लासेसमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर. राघवेंद्र सरांनी शब्द दिला आहे: दिवाळीपर्यंत कॉम्प्युटरचं काम बिनतक्रार झालं तर मी पर्मनंट, आणि पर्मनंट स्टाफच्या भावंडाला स्पेशल बॅचमध्ये जागा. माझी धाकटी बहीण इंदू इथेच साध्या बॅचला आहे; जूनमध्ये स्पेशल बॅचला तीन मार्कांनी हुकली. चाळीस जागा. त्यासाठी परभणी-हिंगोलीपासून मुलं येऊन इथे खोल्या करून राहतात. तेव्हा प्रश्न माझ्या नोकरीचा नाही, इंदूच्या डॉक्टर होण्याचा आहे.

मशीनला माझ्याकडून काही कमी नाही. रूममध्ये चप्पल घालून कुणाला येऊ देत नाही. रोज सकाळी मशीन चालू करण्याआधी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दिलेल्या विभूतीच्या वडीवर तीन बोटं घासते आणि कॅबिनेटच्या कपाळावर तीन पट्टे ओढते. कपाळ म्हणजे फ्लॉपीच्या फटीच्या जरा वर. शेजारी जाळीत एक उदबत्ती खोचते. मी अंधश्रद्धाळू नाही. ही शिस्त आहे.

15 सप्टेंबर, मंगळवार

काळी स्क्रीन. ‘कीबोर्ड एरर. प्रेस एफ वन टू कंटिन्यू.’

एफ वन दाबलं. मशीन नुसतं पीं-पीं करत राहिलं. बंद करून चालू केलं. तेच. वीस मिनिटं.

शेवटी गफूरभाईंच्या दुकानात फोन केला. क्लासच्या मशीनची देखभाल त्यांच्याकडे आहे. त्यांचा पुतण्या हमजा लुनावर आला. शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, शिक्षण फक्त बारावी. त्यानं कीबोर्डवर ठेवलेलं माझं हजेरीपुस्तक उचलून बाजूला ठेवलं आणि मशीन चालू केलं. चालू झालं. पुस्तकाचा कोपरा बटणांवर दाबून बसला होता म्हणे. मशीन उठताना एखादं बटण दाबलेलं सापडलं की ते ओरडतं.

एवढंच करून गेला असता तर मी त्याला चहा दिला असता. पण सर्व्हिस रजिस्टरमध्ये ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात त्यानं लिहिलं: युजर एरर. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, काय न्हाई मॅडम, मशीन ठीक हाय. प्रिंट घ्यायला आलेल्या अकरा मुली उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं खुलासा केला की वापरणाऱ्याची चूक. सगळ्या हसल्या. इंदूही हसली. घरी आल्यावर तिनं मान्य केलं की ती सगळ्यांत आधी हसली.

रजिस्टरमध्ये ‘ऑपरेटरची सही’ असा शेवटचा रकाना आहे. मी सही केली नाही. करणारही नाही.

मी सूडबुद्धीची नाही. पण हा सूड मी घेणार.

16 सप्टेंबर, बुधवार

संकल्प.

एक एरर-वही करायची. डावीकडे स्क्रीनवर आलेला संदेश, मधे अर्थ, उजवीकडे उपाय. दसऱ्यापर्यंत जगातले सगळे संदेश पाठ. पुढे त्याचं मराठी पुस्तक करून खेड्यापाड्यातल्या मुलींना वाटायचं. हा मूळ हेतू. हमजाला वाटेल की हे त्याच्यासाठी चाललं आहे, तर तसं अजिबात नाही.

दिवाळीच्या आत हमजाच्या तोंडून ‘मॅडम, चूक माझी’ असं वदवून घ्यायचं. साक्षीदार किमान अकरा. मुली त्याच हव्यात.

त्याला इथून पुढे चहा नाही. पाणी मागितलं तर द्यायचं, माणुसकी म्हणून. गाळलेलं नाही.

18 सप्टेंबर, शुक्रवार

‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर. रिप्लेस अँड प्रेस एनी की व्हेन रेडी.’

फोन केला नाही. स्वतः विचार केला. सव्वा तास.

मग इंदू डबा घेऊन आली. म्हणाली, अक्का, ही फ्लॉपी कालपासनं ह्याच्यात अडकून राहिली की गं. असं म्हणून तिनं बटण दाबून फ्लॉपी बाहेर काढली. मशीन सुरू झालं. फ्लॉपी आत राहिली असली तर मशीन आधी तिच्यातून उठायला बघतं, आणि तिच्यात उठण्यासारखं काही नसतं.

एरर-वहीत नोंद: संदेश, अर्थ, उपाय. शोधक म. गु. बिराजदार, बी.एस्सी. इंदूचं नाव घालायला जागा उरली नव्हती.

सर्व्हिस रजिस्टरमध्येही मी लाल पेननं लिहिलं: ‘इंजिनिअरच्या मदतीशिवाय दुरुस्त.’ हमजा पुढच्या वेळी वाचेल. वाचलंच पाहिजे.

21 सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

तीनदा लाइट गेली. तिन्ही वेळा मशीन उठल्यावर निळी स्क्रीन: विंडोज नीट बंद केलं नाही म्हणून डिस्कमध्ये चुका असू शकतात, तपासतो. खाली उपदेश: हा संदेश पुन्हा नको असेल तर स्टार्ट मेनूमधून शट डाउन निवडून मगच कॉम्प्युटर बंद करत जा.

मी बंद केलाच नाही. ज्यांनी केला त्यांना सांगा.

म्हणून वीज ऑफिसला पत्र लिहिलं. लाइट घालवण्यापूर्वी संबंधित कर्मचाऱ्यानं स्टार्ट मेनूमधून शट डाउन निवडावं, ही नम्र विनंती. खाली सही, बी.एस्सी. पत्र द्यायला स्वतः गेले. तिथले क्लार्क अण्णाराव यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, ताई, हे मेनूचं कँटीनला दाखवा, हिकडं फ्यूज उडाल्याचं तेवढं घेतो.

त्यांचं नाव हमजाच्या खाली लिहून ठेवलं आहे.

23 सप्टेंबर, बुधवार

फ्लॉपी वाचत नाही. ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए. अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ सोडून देता, पुन्हा बघता, की नापास?

मी रिट्राय दाबलं. एकसष्ट वेळा. आमच्या घरात पुन्हा प्रयत्न करणारी मी पहिलीच. आमचे चुलते नववीला फेलवर थांबले, ते अजून थांबलेत.

सरांना फ्लॉपीतली यादी लगेच हवी होती, म्हणून नाइलाजानं फोन केला. हमजा आला. माझी लाल पेनची नोंद वाचली. म्हणाला, अरे वा मॅडम, मुबारक हो. टोमणा होता. अकरापैकी सहा मुलींनी ऐकलं.

ड्राइव्ह उघडून त्यानं कापसानं आतलं पुसलं. कापूस पांढरा होता, पुसल्यावर करडा झाला. त्यानं बोट नाकाशी नेलं. मग कॅबिनेटकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. मुलींकडे पाहिलं. हळूच म्हणाला, मॅडम, हितं कधी पावडर-बिवडर उडती का? मी ठणकावून सांगितलं की मी पावडर लावत नाही, तत्त्व म्हणून. तो म्हणाला, बरं बरं. मशीनवर एक कपडा टाकत जावा, आन जे काय हाय ते लांबून करत जावा.

जे काय हाय ते! काय असतं माझं? सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत काम असतं.

आणि रजिस्टरमध्ये पुन्हा: युजर एरर. पावडरचा प्रश्न विचारून माझा अपमान केला तो वेगळाच.

सही केली नाही. दोन रिकाम्या जागा झाल्या.

24 सप्टेंबर, गुरुवार

तक्रार अर्ज लिहिला. चार पानं, दोन्ही बाजू. मुद्दे: उद्धट नोंदी. अशास्त्रीय निदान. स्त्री कर्मचाऱ्याच्या प्रसाधनाविषयी अनावश्यक चौकशी. पाणी न गाळता दिलं तरी पितो, यावरून स्वच्छतेची जाणीव नसल्याचं दिसतं. (हा मुद्दा नंतर खोडला. फार वैयक्तिक वाटला.)

शेवटी लिहिलं: हे मी कोणत्याही आकसानं लिहीत नाही.

सरांना दिला. सर पाच मिनिटांत फिजिक्सच्या तासाला जाणार होते. त्यांनी पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचली. म्हणाले, बिराजदार मॅडम, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार.

26 सप्टेंबर, शनिवार

जिंकले.

सरांनी गफूरभाईंचं काम बंद केलं. नांदेडच्या एका कंपनीला दिलं. हमजा इथे ठेवलेला आपला धूळ उडवायचा ब्लोअर न्यायला आला होता. मला वाटलं भांडेल. मी तीन उत्तरं तयार ठेवली होती, त्यातलं दुसरं फारच चांगलं होतं. तो ब्लोअरची वायर गुंडाळत राहिला. दाराशी चप्पल घालता घालता म्हणाला, मॅडम, चार तारखेला टेस्ट हाय ना, त्येच्या आधी ड्राइव्ह एकदा साफ करून घ्या. कुणाकडूनबी घ्या.

जाताना सुद्धा हुकूम.

संध्याकाळी इंदूला पेढा दिला. तिनं विचारलं, कशाचा? मी म्हटलं, न्यायाचा. तिनं खाल्ला, आणि म्हणाली की हमजा मुलींच्या वाकड्या आलेल्या प्रिंट फुकट पुन्हा सरळ काढून द्यायचा, आता कोण देईल?

लोक किती लवकर विकले जातात.

30 सप्टेंबर, बुधवार, खंडे नवमी

भूकंपाला आज पाच वर्षं झाली. सकाळी गावाच्या स्मृती-चौथऱ्यावर फुलं वाहून आप्पा किल्लारीहून जीपनं थेट लातूरला आले. सोबत झेंडू, आणि मठातून आणलेली विभूतीची नवी वडी. क्लासमध्ये आल्याबरोबर त्यांनी छताकडे पाहिलं, दार किती पावलांवर आहे ते मोजलं, आणि दाराच्या चौकटीतच बसले. सरकारनं दिलेल्या पक्क्या घरातही ते अजून अंगणातच बाज टाकतात. सरांनी आग्रह केला, आत बसा गुरुपादप्पा. ते म्हणाले, न्हाई साहेब, हितं बरं हाय, पोरगी दिसतीया.

आज हत्यारांची पूजा. आमच्या घरात आजवर विळे, पाभर, वखराची पास एवढंच मांडलं गेलं. आज प्रथमच कॉम्प्युटर. मी काही राखून ठेवलं नाही. कॅबिनेटला विभूतीचे मोठे पट्टे. मॉनिटरला हळदीकुंकू. कीबोर्डच्या प्रत्येक ओळीला अक्षता. मागच्या पंख्याच्या जाळीला झेंडूचा हार. पाच उदबत्त्या.

स्पेशल बॅचच्या चाळीस जागा पुन्हा ठरवायच्या, त्या चार तारखेच्या निवड-टेस्टचा पेपर फ्लॉपीवर आहे. पेपर फुटू नये म्हणून सर तो मशीनमध्ये ठेवू देत नाहीत आणि टाइप झाल्यावर हाताचा कागद फाडतात. सगळा पेपर फक्त फ्लॉपीवर. एक सांगते: प्रत जपणं आमच्या गावाइतकं कुणाला कळत नाही. माझी दहावीची गुणपत्रिका ट्रंकेसकट ढिगाऱ्यात गेली. दुसरी काढायला औरंगाबादला सहा खेपा झाल्या. म्हणून मी पेपरच्या एक नाही, तीन फ्लॉप्या केल्या. तिन्ही आज सरांच्या कपाटातून मागून ताटात ठेवल्या.

वरच्या प्लॅस्टिकला विभूती लावून काय उपयोग? खरी विद्या आत असते. पत्र्याचं झाकण सरकवलं की आत काळी चकती दिसते. तिला लावली. तिन्हींना, सारखी.

आप्पांनी चौकटीतूनच हात जोडले. म्हणाले, माय, ह्येच्यात समद्यांची नावं ऱ्हात्यात व्हय? मी म्हटलं, हो आप्पा, कधी पुसली जात नाहीत. ते बराच वेळ मशीनकडे बघत राहिले.

आज मशीन इतकं सुंदर दिसत होतं की चालूच केलं नाही.

1 ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सुट्टी. सगळ्यांना आपट्याची पानं दिली. गफूरभाईंच्या दुकानावरून दोनदा गेले, दोन्ही वेळा तिथे पान न देता पुढे आले. हमजानं पाहिलं असावं. निदान एकदा तरी.

3 ऑक्टोबर, शनिवार

सकाळी 9. आज पेपर छापायचे. सहाशे मुलं. मी तयार.

9.20. ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए.’ रिट्राय.

9.45. दुसरी फ्लॉपी. तेच. ड्राइव्हमधून जात्यासारखा आवाज.

9.50. तिसरी. तेच. हमजानं जाताना काहीतरी करून ठेवलं, दुसरं काय!

10.30. ‘अ फेटल एक्सेप्शन हॅज ऑकर्ड.’ निळी स्क्रीन. घातक अपवाद. मशीन इतकं तापलंय की हात ठेववत नाही.

11. सरांना सांगितलं. सरांनी घड्याळ बघितलं. मग नांदेडला फोन.

संध्याकाळ. नांदेडचा इंजिनिअर चार वाजता एसटीनं आला. संगप्पा नाव, मूळचा देगलूरचा. कपाळाला विभूती. ‘शरणार्थ’ असा आमच्यातला नमस्कार करून आत आला. मला इतका आधार वाटला! म्हटलं, आपला माणूस, आता हमजाचं पितळ उघडं पडेल.

रूममध्ये तो, मी आणि इंदू. त्यानं खाली वर्तमानपत्र अंथरलं, कॅबिनेट उघडून आडवं केलं आणि पाठीवर थापटलं. कागदावर पडलं ते असं: अक्षता, उदबत्तीच्या जळक्या काड्या दोन, राख, आणि पांढऱ्या भुकटीचा छोटा ढीग. पंख्याच्या पात्यांत झेंडू गुंडाळलेला. पंखा फिरतच नव्हता. मग त्यानं फ्लॉपीचं झाकण सरकवून ती ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्या चकतीवर तीन बोटांचे तीन पट्टे. स्पष्ट.

संगप्पा हसत हसत खालीच बसला. म्हणाला, अक्का, ही तर आपल्या मठाची विभूती दिसून राहिली! देव आत यावा म्हणून एवढं केलं, पण त्याला बसायला जागाच न्हाई ठेवली की तुम्ही. ड्राइव्ह फक्त आजचा न्हाई, महिना-दोन महिने खाऊन राहिलाय हे.

मी पंख्यातला झेंडू सोडवायला घेतला. इंदू कागदावरच्या ढिगाकडे बघत होती.

मग त्यानं डोळे पुसले आणि रजिस्टर ओढलं. आधीच्या नोंदी वाचल्या. म्हणाला, हा पहिला पोऱ्या कोण? जाऊ द्या, तुम्ही आपल्या. मी बरोबर करतो. आणि लिहिलं: पूर्वीच्या इंजिनिअरनं साफसफाई केली नाही, आत धूळ, त्यामुळे ड्राइव्ह आणि फ्लॉप्या खराब. मला सही करायला सांगितलं.

केली. बी.एस्सी. सुद्धा लिहिलं.

धूळ तर होतीच. विभूती ही तत्त्वतः धूळच.

सरांनी टेस्ट एक आठवडा पुढे ढकलली. सहाशे मुलांना नोटीस. पेपर पुन्हा काढायचा. बुधवारी क्लासवाल्यांची बैठक आहे, तिथे गफूरभाईंच्या दुकानाला एकाही क्लासचं काम मिळू नये असं सर सांगणार आहेत. मला म्हणाले, बिराजदार मॅडम, तुम्ही वेळीच सावध केलं होतं. इंदूचं नाव स्पेशल बॅचच्या यादीत त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. एकेचाळीसावं.

जे जे मागितलं ते सगळं मिळालं. जेवण गेलं नाही. उपास म्हणून चालेल.

4 ऑक्टोबर, रविवार

कारणं.

विभूती लावू नये असं कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. हमजानं स्पष्ट सांगायला हवं होतं. पावडर म्हणाला. विभूती म्हणायला काय झालं होतं? सांगितलं नाही म्हणजे चूक त्याचीच. शिवाय तो फक्त बारावी आहे, त्याला दुसरं काम मिळेल. मी पदवीधर, मला मिळणं अवघड.

हे सगळं इंदूला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, अक्का, एक इचारू? त्या चकतीवरची तीन बोटं हमजाची व्हती व्हय?

मग पुन्हा ताटली हातात घेतली. ती खूप वेळ घासत होती.

5 ऑक्टोबर, सोमवार

फ्लॉप्या आणायला गफूरभाईंच्या दुकानात गेले. फक्त फ्लॉप्या आणायला. फ्लॉप्या क्लासच्या शेजारच्या स्टेशनरीतही मिळतात, पण तिथे निळ्या नसतात.

गफूरभाई नमाजाला गेले होते. हमजा स्टॅबिलायझर उघडून बसला होता. मला बघून उठला, फडक्यानं स्टूल पुसलं. चहा सांगितला. चहा आला. मी तो प्याले, हे इथे नोंदवायलाच हवं.

मी म्हटलं, विभूती होती. तो म्हणाला, हाव, म्हाइतंय की. मी म्हटलं, केव्हापासून? तो म्हणाला, तेवीस तारखेपासनं. वासावरनं कळलं, आमच्या गल्लीत मठ हाय.

मग लिहिलं का नाही?

त्यानं स्क्रू तोंडात धरला होता, तो काढला. म्हणाला, मॅडम, कारणाच्या खान्यात मी काय लिहू? विभूतीमुळं मशीन बिघडली? खाली सही हमजा? ते रजिस्टर धा लोक बघत्यात. तुम्हाला बोलावं म्हटलं तर पोरी उभ्या. म्हणून पावडर म्हणालो. युजर एरर लिहिलं की समदं त्याच्यात बसतं, कुणाला राग येत न्हाई.

मग स्वतःच म्हणाला, तुम्हाला आला.

मागे त्यांच्या दुकानातलं मशीन होतं. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर टॉवेल. म्हणाला, चाचा रोज सकाळी लोबानचा धूर फिरवत्यात. त्यांना काय बोलायचं? ते यायच्या आधी मी कव्हर टाकतो.

निघताना, काहीतरी विचारायचं म्हणून, चौदा तारखेचा प्रश्न विचारला. इल्लीगल ऑपरेशन म्हणजे मी काय केलं? तो हसला. म्हणाला, तुम्ही काय बी न्हाई केलं. प्रोग्रामच मेमरीत दुसऱ्याच्या जागेत पाय टाकतो, म्हणून विंडोज त्येला हाकलून देतो. बंद करून परत चालू करायचं. परत परत आलं तर तो प्रोग्राम काढून नव्यानं टाकायचा. कायदा-बियदा काय न्हाई त्याच्यात.

तीन आठवडे मी ज्याची धास्ती घेतली ते माझं नव्हतंच.

बुधवारच्या बैठकीचं त्याला माहीत होतं. दुकानातल्या कॅलेंडरवर सात तारखेला पेनचा गोल होता. फ्लॉप्या निळ्याच दिल्या.

6 ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी 2

झालं.

सकाळी रजिस्टर काढलं. तीन तारखेच्या नोंदीखाली लिहिलं: वरील कारण खोटं आहे. आत विभूती, अक्षता, राख व झेंडू होता. ते सगळं मी घातलं. फ्लॉप्या मी खराब केल्या. पूर्वीच्या इंजिनिअरनं बिघाड दोन्ही वेळा बरोबर ओळखला होता.

रजिस्टर सरांपुढे ठेवलं. सर फोनवर बोलत होते. त्यांनी न वाचता सही करून परत दिलं.

मी दारापर्यंत आले. सुटले, असं वाटलं. मग परत गेले, आणि सरांचा फोन संपल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. झेंडूसकट सगळं वाचलं.

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत होते. म्हणाले, गफूरभाईंना मी फोन करतो. उद्याच्या बैठकीत काही बोलत नाही. मग यादी पुढे ओढली आणि एकेचाळीसाव्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून मारली. ते फिजिक्सचे आहेत. मला म्हणाले, मॅडम, पर्मनंटचं आता दिवाळीनंतर बघू, तोवर पेपर टाइप करा.

दिवाळीनंतर बघू म्हणजे काय, ते एरर-वहीत नाही, पण मला समजतं.

इंदूला मधल्या सुट्टीत सांगितलं. तिनं डबा उघडला, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, अकरा तारखेला टेस्ट परत हायच की गं सगळ्यांची. तीन मार्कांचाच तर सवाल. तू पेपर टाइप करून ऱ्हायलीस म्हणून मला चार दिस दुसऱ्या खोलीवर झोपायला जावं लागंल तेवढं. सरांनी बघितलं तर म्हणतील अक्कानं फोडला.

मग म्हणाली, आन तू आत जाताना हात धू.

विभूतीची वडी आता बाहेर नळाजवळच्या कोनाड्यात आहे. आज एकाच कपाळाला लावली, माझ्या. हात धुतले. आत गेले. मशीनवर टॉवेल होता तो काढला.

मशीन सुरू व्हायला वेळ होता, म्हणून रजिस्टर पुन्हा उघडलं. पंधरा सप्टेंबर, युजर एरर, पुढे रिकामी जागा. तेवीस सप्टेंबर, युजर एरर, पुढे रिकामी जागा. पेन निळंच वापरलं. दोन्हीकडे सही करून टाकली. महानंदा गुरुपादप्पा बिराजदार, बी.एस्सी.